तालिकेतली लिपी : पुस्तकाची आणि वाचकाची



१८७४ साली पुण्यात शिळाछापावर एक पुस्तक निघाले. बेने इस्रायली कुटुंबांत वल्हांडणाच्या रात्री जी हग्गादा वाचली जाते, तिचे ते पुस्तक. एकीकडे मूळ हिब्रू, शेजारी मराठी भाषांतर. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. चित्रांतल्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करत आहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा, पण स्वयंपाकघर थेट कोकणातले. आज ‘पुणे हग्गादा’ या नावाने हे पुस्तक जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे.

आता असे समजा की १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात या पुस्तकाची संगणकावर नोंद करायची आहे. नोंदकाराला दोन्ही भाषा येतात, दोन्ही लिप्या येतात. तो हिब्रू शीर्षक हिब्रू अक्षरांत देऊ शकत होता. मराठी शीर्षक मात्र त्याला रोमन अक्षरांतच लिहावे लागले असते. पुण्यात छापलेल्या पुस्तकातल्या ज्या लिपीला पुण्यातला प्रत्येक शाळकरी मुलगा ओळखतो, तिला त्या यंत्रात जागा नव्हती. मुद्दाम कुणी ठेवली नव्हती असे मी म्हणत नाही. पण नव्हती, आणि ती का नव्हती हे समजून घेतले तर आजच्या आपल्या ग्रंथालयांतले बरेच गोंधळ उलगडतात. म्हणून या व्याख्यानासाठी हा विषय घेतला. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो ते स्वतः ग्रंथपाल होते, तेव्हा विषय थोडा तांत्रिक झाला तरी त्यांना तो परका वाटला नसता.

संगणकाच्या आधी हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. तालिकापत्र हाताने लिहायचे असे. टाक हातात असला की नागरी, मोडी, फारसी, काहीही लिहिता येते. अडचण एकच : पत्र कोणत्या खणात, कोणत्या क्रमाने लावायचे? त्याचा तोडगा सोपा होता. नागरीची पत्रे वेगळ्या खणात. मुंबई, ठाणे, पुणे, बडोदे इथल्या जुन्या संग्रहालयांत हे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालले. छापील पत्रे आली तेव्हा पहिली कुरबूर सुरू झाली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून छापील पत्रे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली आणि सगळ्यांची पत्रे एका क्रमात लागावीत ही अपेक्षा आली. एक क्रम म्हटला की एक वर्णमाला आलीच. ती रोमन होती.

१९६६ साली त्याच ग्रंथालयात हेन्रिएट अ‍ॅव्हरम या बाईंनी ‘मार्क’ नावाची नोंदपद्धत आकाराला आणायला घेतली आणि १९६९ पासून तिच्या चुंबकीय फिती बाहेर जाऊ लागल्या. अ‍ॅव्हरम मुळात ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाच्या माणूस होत्या. त्यांनी तालिकापत्राचे बारीक बारीक तुकडे केले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. शीर्षकाला २४५, लेखकाला १००, असे. आजही कोहा किंवा दुसरी बहुतेक कोणतीही ग्रंथालय-प्रणाली उघडा, पोटात हेच क्रमांक आहेत. पन्नासहून अधिक वर्षे टिकलेली संगणकी पद्धत मला तरी दुसरी फारशी आठवत नाही. बाईंना सलाम करूनच पुढे जायला हवे.

पण त्या काळचा संगणक एका अक्षराला एक बाइट देई. एका बाइटात दोनशे छप्पन्न खुणा मावतात, त्यातल्या बऱ्याच यंत्राच्या कामाच्या. उरलेल्यांत रोमन अक्षरे आणि त्यांच्या वरखालची टिंबे, रेघा, टोपरी बसली. एवढ्यावर युरोपचे काम भागले. चिनीचे कसे भागणार? मग पळवाट काढली गेली. मजकुरात मधेच एक सांकेतिक इशारा टाकायचा : ‘इथून पुढची अक्षरे हिब्रू समजा’. पुन्हा इशारा : ‘आता परत रोमन’. चिनी, जपानी, कोरियन अक्षरांसाठी एका अक्षराला तीन बाइट. या सगळ्या व्यवस्थेला ‘मार्क-८’ म्हणतात. रिसर्च लायब्ररीज ग्रुप या संस्थेने १९८३ साली आपल्या जाळ्यात चिनी-जपानी-कोरियन आणली, मग सिरिलिक, १९८८ मध्ये हिब्रू, नंतर अरबी. भाषांच्या आद्याक्षरांची ‘जॅकफाय’ अशी एक यादीच ग्रंथपालांच्या तोंडी बसली : जपानी, अरबी, चिनी, कोरियन, फारसी, हिब्रू, यिद्दिश. भारतातली एकही लिपी या व्यवस्थेत नव्हती. उर्दूला फारसीच्या आडोशाने थोडी जागा मिळाली, एवढेच.

यामागे दुष्टावा शोधायची गरज नाही. माझ्या मते आपल्या लिपीला तिचा शहाणपणाच नडला. चिनी अक्षराचे रोमन रूप केले की मूळ अक्षर हरवते. एकाच उच्चाराची अक्षरे ढिगाने असतात. तिथे रोमनीकरणाने भागत नाही हे कुणालाही दिसत होते. हिब्रू-अरबीत ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नाहीत, म्हणून रोमन रूप देताना नोंदकाराला अंदाज बांधावा लागतो. आपली नागरी मात्र वर्गवार, स्वच्छ, एका खुणेला एक ध्वनी. अक्षराला अक्षर ठेवून रोमनीत न्यायचे आणि हवे तेव्हा परत आणायचे. मग तिच्यासाठी वेगळी यंत्रसामग्री कशाला, असे त्यांना वाटले असणार. पाणिनीय शिस्तीचा हा असाही दाम मोजावा लागतो!

तो परतीचा रस्ता तरी खरा आहे का? बऱ्याच अंशी आहे, पूर्ण नाही. अमेरिकन ग्रंथालयांचे जे मान्य लिप्यंतरण आहे त्यात अनुस्वार पुढच्या व्यंजनाच्या वर्गातल्या अनुनासिकाने लिहितात. म्हणजे ‘पांडुरंग’ आणि ‘पाण्डुरङ्ग’ रोमनीत एकच होतात. छापील पानावर काय होते ते परत येताना कळत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लिप्यंतरण परत फिरवता येते ते यंत्राला आणि पंडिताला. वाचकाला नाही. ‘देशपांडे’ हे नाव त्या पद्धतीने लिहिताना ‘श’ नंतरचा न उच्चारलेला ‘अ’ लिहावा लागतो आणि ‘श’ साठी टोकदार चिन्हाचा एस लागतो. कोणता देशपांडे स्वतःचे आडनाव असे लिहितो? ‘श्यामची आई’ शोधणारा माणूस ‘म’ आणि ‘च’ यांच्या मधे एक जास्तीचा स्वर टाकेल ही अपेक्षा करणे म्हणजे साने गुरुजींना आधी संस्कृत व्याकरणाच्या परीक्षेला बसवण्यासारखे आहे. पुस्तक तालिकेत असते. सापडत नसते.

आणि पुस्तके होती, भरपूर होती. साठच्या दशकात ज्यांनी रेशनवरचा अमेरिकन गहू खाल्ला असेल त्यांना पी.एल. ४८० हे नाव आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत दिले. ते रुपये अमेरिकेच्या खात्यात इथेच साठले आणि त्यातला एक हिस्सा भारतीय पुस्तके विकत घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना पाठवण्यासाठी वापरला गेला. त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय १९६२ साली दिल्लीत सुरू झाले. गव्हाच्या पिशव्या आल्या आणि त्यांच्या मोबदल्यात कादंबऱ्या, कवितासंग्रह, दिवाळी अंक, जिल्ह्याच्या गावी छापलेली चरित्रे गेली. शिकागोसारख्या विद्यापीठात मराठीचा जो संग्रह आज आहे त्याची मुळे तिथे आहेत. आपल्याकडे जे अंक रद्दीत गेले त्यातले काही तिथे बांधणी करून उभे आहेत. मला हा सौदा वाईट वाटत नाही. फक्त तो संग्रह दीर्घकाळ रोमन पडद्याआड राहिला.

इथे कुणी ‘परक्यांनी आपली लिपी टाळली’ असा सूर लावू नये. आपण स्वतः काय केले? १९५४ साली ग्रंथ-प्रदान कायदा झाला, कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात देशभरची पुस्तके येऊ लागली आणि १९५७ पासून बी. एस. केशवन यांच्या संपादनाखाली ‘इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी’ निघू लागली. त्यात मराठी, बंगाली, तमिळ, तेलुगू, सगळ्या भाषांची पुस्तके रोमन लिपीत, टिंबारेघांसह. स्वतंत्र भारताची पहिली राष्ट्रीय ग्रंथसूची! यावर पुष्कळ टीका झाली आणि आजही होते. मी त्या टीकेत सामील नाही. अनेक लिप्यांची पुस्तके विषयवार एका क्रमात मांडायची असतील तर दुसरा मार्ग त्या वेळी नव्हता. एका विषयाखाली मराठी आणि तमिळ पुस्तक शेजारी दिसावे हा हेतू मोठा होता. पण त्या सूचीत पुस्तक शोधणारा सामान्य मराठी वाचक मी पाहिलेला नाही. तो शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’कडे जातो. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तके नागरीत नोंदवणारा तिचा पहिला खंड १९४३ साली निघाला, १९३८ ते १९५० चा दुसरा १९६१ साली. सरकारी यंत्रणा पाठीशी नसताना एका माणसाने ध्यास घेऊन केलेले हे काम आहे. दाते यांना संगणकाची गरज पडली नाही, ही आपल्याला थोडी लाजवणारी गोष्ट आहे.

आपल्या ग्रंथालयांत संगणक शिरला तो नव्वदच्या दशकात. तोवर कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले, भारतीय लिप्या संगणकावर आणणारे ‘जिस्ट’चे काम झाले होते आणि १९९१ साली ‘इस्की’ या संकेताला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला होता. इस्कीची कल्पना सुंदर होती : ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच तक्ता. ‘क’ चा क्रमांक नागरीत जो, तोच बंगालीत, तोच कन्नडात. लिपी बदलली की अक्षरांचे रूप बदलते, क्रमांक तोच. केशवनना जे रोमनीतून साधावे लागले ते यातून भारतीय पायावर साधता आले असते. पण छपाईच्या बाजाराने वेगळा रस्ता धरला. डीटीपीवाल्यांना पान सुंदर दिसायला हवे होते, आत काय साठते याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागी नागरी अक्षरांची चित्रे बसवलेले फॉन्ट वापरले. पडद्यावर ‘म’ दिसतो, आत मात्र एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह. फॉन्ट काढा, मजकूर गेला.

छपाईला हे चालून गेले. ग्रंथालयांनी तीच रीत उचलली तिथे मात्र कायमचे नुकसान झाले. मी पाहिलेल्या एका वाचनालयात सगळा संग्रह अशा फॉन्टात नोंदवला होता. संगणक बदलला, फॉन्ट मिळेना, आणि हजारो पुस्तकांची तालिका शिव्या दिल्यासारखी दिसू लागली. शेवटी मंडळींनी जुने दाखल रजिस्टर बाहेर काढले. शाईने लिहिलेले ते रजिस्टर वाचता येत होते.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतात, रूपांतर करणारी साधने आता आहेत आणि ती वापरावीतच. पण काय होते ते माहीत असू द्या. त्या फॉन्टांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी साठते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो तिथे शेवटी साठतो, युनिकोडमध्ये तो ‘र्’ असतो आणि आधी येतो. रूपांतराचे साधन हे क्रम उलटसुलट फिरवत जाते आणि जोडाक्षर मोठे असले की चुकते. ‘कर्त्री’, ‘वर्त्म’ अशा ठिकाणी मी बारकाईने पाहतो. सगळी तालिका तपासायला माणसे नसतील तर निदान रफार आणि वेलांटी जिथे एकत्र आहेत त्या नोंदी तपासा.

आता युनिकोडकडे. १९९१ साली पहिली आवृत्ती आली, नागरीचा तक्ता त्यांनी इस्कीच्या आधीच्या रूपावरून घेतला. ग्रंथालयांच्या मार्क नोंदीत युनिकोड आहे की जुने मार्क-८, हे सांगणारी एक जागा असते : नोंदीच्या शिरोभागातला नववा स्थानांक. तिथे कोरी जागा असेल तर मार्क-८, रोमन ‘ए’ असेल तर युनिकोड. मी मुद्दाम हे सांगतो कारण बाहेरून नोंदी आयात करताना हे एक अक्षर चुकले तर सगळे चुकते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत नागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची असते आणि पहिला बाइट नेहमी एकच. ते बाइट चुकून युरोपीय अक्षरे म्हणून वाचले गेले की पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यापाठोपाठ चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि पुन्हा तेच, पुन्हा तेच, अशी रांग दिसते. ती दिसली तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसला आहे. याउलट नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र मजकूर बहुतेक गेला.

तीन बाइटांचा आणखी एक परिणाम. मार्क नोंदीच्या सुरुवातीला पाच आकड्यांत नोंदीची लांबी लिहिलेली असते, बाइटांत मोजलेली. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, संगणकाला पाच खुणांचा, आणि बाइट पंधरा. एखाद्या प्रणालीने बाइटांऐवजी अक्षरे मोजली की लांबी चुकते आणि नोंद मधेच तुटते. रोमन नोंदींत ही चूक लपून राहते. नागरी नोंद आली की उघडी पडते.

युनिकोड आले, आता प्रश्न सुटला, असे मला वारंवार ऐकू येते. हे ऐकले की मी एक छोटी परीक्षा सुचवतो. आपल्या तालिकेत ‘अ‍ॅडव्होकेट’ हा शब्द शोधा. हा पहिला स्वर युनिकोडमध्ये निदान तीन तऱ्हांनी टंकता येतो : ‘अ’ ला चंद्र जोडून, हिंदीकडून आलेल्या ‘ऍ’ ने, आणि २००८ साली मुख्यतः मराठीसाठी आलेल्या ‘ॲ’ या स्वतंत्र खुणेने. पहिला आणि तिसरा प्रकार पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात. संगणकाला तिन्ही वेगळे. युनिकोडचे स्वतःचे एकरूपीकरणाचे जे नियम आहेत ते या तिघांना एक मानत नाहीत. म्हणजे तीन टंकलेखकांनी नोंदवलेली तीन पुस्तके एका शोधात येणार नाहीत, जोवर तुमच्या प्रणालीला कुणी हे शिकवत नाही.

दुसरी परीक्षा डोंगरातली. मराठीचा अर्धा ‘ऱ’, ज्याने ‘दऱ्या’ लिहितो, तो दोन पद्धतींनी मान्य आहे. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून. दुसरी, साध्या ‘र्’ नंतर एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. दोन्हींचे छापील रूप एकच. पण अनेक शोधयंत्रे ती न दिसणारी चिन्हे कचरा समजून गाळतात. जोडचिन्ह गाळले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या खोऱ्यांतून एकदम अरबी समुद्रात! हिंदीला हा फरक लागत नाही, म्हणून दिल्लीत तपासलेली प्रणाली आपल्याकडे चालेलच असे नाही.

क्रम लावण्याचेही तसेच. युनिकोडचा तक्ता इस्कीच्या भारतभरच्या सामाईक क्रमावरून घेतलेला असल्यामुळे ‘ळ’ तिथे ‘ल’ च्या शेजारी बसला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. संगणकाने नुसत्या क्रमांकाने लावले तर ‘काल’, ‘काळ’, ‘काव्य’, ‘काशी’ असे लागेल. मराठी वाचक ‘काळ’ शेवटी शोधेल. क्रमांकावर न जाता मराठीचा क्रम वापरा असे प्रणालीला सांगता येते, त्याचे नियम तयार आहेत. सांगावे लागते एवढेच.

इथवरचे सगळे यंत्राने करायचे. पुढचे माणसाचे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ‘कांहीं’, ‘नांव’ यांतले अनुस्वार गेले. पण १८९८ पासून निघालेल्या इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांवर ‘साधनें’ असे अनुस्वारासह छापलेले आहे. नोंद करताना शीर्षक छापील पानाबरहुकूम उतरवायचे, हा नियम योग्यच आहे. ते पुस्तकाचे साक्षीपत्र आहे, त्यात हात घालू नये. पण आजचा विद्यार्थी ‘साधने’ टंकणार. तेव्हा त्याच नोंदीत आजच्या लेखनाचे पर्यायी शीर्षक द्यायला हवे, त्यासाठी मार्कमध्ये २४६ क्रमांकाची जागा आहेच. टिळकांचा ग्रंथ ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ या नावाने छापला आहे आणि त्याला त्या नावाने कुणीच विचारत नाही. ‘गीतारहस्य’ हे पर्यायी शीर्षक टाकायला अर्धा मिनिट लागतो. मी पाहिलेल्या तालिकांपैकी पुष्कळांत तो अर्धा मिनिट कुणी दिलेला नाही.

रोमन आणि मूळ लिपी एका नोंदीत कशा नांदवायच्या याची मार्कची रीत थोडी विचित्र आहे. २४५ मध्ये रोमन शीर्षक, आणि मूळ लिपीतले ८८० क्रमांकाच्या क्षेत्रात, दोघांना जोडणारा एक दुवा. रोमन पाहुणा माजघरात आणि घरधनी ओसरीवर, असा तो प्रकार. दुसरा नमुनाही अधिकृत आहे : मूळ लिपी थेट २४५ मध्ये. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी हाच धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी पुस्तकाची मराठी तालिकेतली मुख्य नोंद नागरीत. रोमन रूप यंत्राकडून काढून घेता येते आणि परदेशी देवाणघेवाणीसाठी ते ८८० मध्ये राहू द्यावे. उलट्या दिशेने, रोमनीतून नागरी काढायला गेलो की वर सांगितलेला ‘पाण्डुरङ्ग’ आडवा येतो.

लिपी आणि भाषा एकच समजू नका, हे सांगायला गोव्याइतके चांगले ठिकाण नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले ते रोमन अक्षरांत, पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगांत. भाषा मराठी, ओवी मराठी. त्याची नागरी हस्तप्रत लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत मार्सडेनच्या संग्रहात आहे. १९०७ साली मंगळूरला पुन्हा रोमनमध्ये आणि १९५६ साली पुण्यात नागरीत ते छापले गेले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची नोंद करताना भाषेची खूण ‘मराठी’च येते, त्यासाठी ठरलेली जागा आहे. लिपी मात्र पुस्तकाच्या नोंदीत मोकळ्या टिपेत लिहायची, लिहिली तर. गंमत म्हणजे नियतकालिकांच्या शीर्षकाच्या लिपीसाठी मार्कमध्ये ठरलेली सांकेतिक जागा आहे आणि त्यात देवनागरीला तिचे स्वतःचे अक्षरही दिलेले आहे. पुस्तकांना ती सोय नाही. मंगळूरची प्रत मागवणाऱ्या वाचकाला रोमन मराठी वाचायची आहे की नाही, हे त्याला आधी कळायला नको?

मोडीची कथा याच्या पलीकडची. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी टंकांत छापला गेला, दफ्तरखान्यांतली कागदपत्रे तर मोडीच. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली. तिची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये चार बाइटांची. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना ‘यूटीएफ-८’ प्रकार तीन बाइटांपुढे जातच नसे. त्यात मोडी अक्षर टाकले की काही मांडण्यांत तिथून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जाई. कुठली तक्रार नाही, सूचना नाही. चार बाइटांचा नवा प्रकार २०१० पासून उपलब्ध आहे, पण जुन्या तालिका जुन्याच प्रकारावर चालत राहतात, कारण ‘चालतेय ना’. मोडी शीर्षक मोडीतच उतरवावे का? माझे उत्तर : नागरीत मुख्य नोंद, मोडीत जोडनोंद, आणि लिपीची टीप न चुकता. मोडी वाचणारा आज नागरीतच शोधतो.

राहिली नावे. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. कविता कुसुमाग्रजांची, नाटके वि. वा. शिरवाडकरांची. ‘वि. वा.’ मधे जागा सोडून, न सोडता, टिंब देऊन, न देता. टिळक कुठे ‘लोकमान्य’, कुठे ‘बाळ गंगाधर’, हिंदी अनुवादावर ‘तिलक’. या सगळ्या रूपांना एका माणसाशी बांधणारी नोंद लागते, तिला ग्रंथपाल प्राधिकृत नोंद म्हणतात. अमेरिकन ग्रंथालयांच्या सामाईक नावयादीत रोमनेतर लिप्यांतली रूपे २००८ पासून घालता येऊ लागली, पण सुरुवातीला त्याच जुन्या मार्क-८ वाल्या लिप्यांतली. मराठी लेखकांची नागरी रूपे तिथे कुणी बाहेरून आणून ठेवेल, अशी वाट पाहणे मला समजत नाही. ते काम इथे व्हायला हवे, आणि एका ग्रंथालयाने केलेले सगळ्यांना मिळायला हवे. आज प्रत्येक वाचनालय शिरवाडकरांना नव्याने टंकते.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, शासनमान्य ग्रंथालयांचे गावोगाव जाळे आहे. प्रणाली विकत घेताना किंवा फुकट मिळणारी बसवून घेताना कार्यवाहांनी विक्रेत्याला पाच शब्द द्यावेत : तिन्ही तऱ्हांचा ‘अ‍ॅडव्होकेट’, दोन्ही तऱ्हांचे ‘दऱ्या’, ‘काळ’, अनुस्वारासह ‘साधनें’, आणि मोडीतले कोणतेही एक अक्षर. शोधून दाखवा, क्रमाने लावून दाखवा, नोंद बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत घालून दाखवा. ही तिसरी मागणी विसरू नका. नोंदी ज्याच्या त्याच्या मालकीच्या असतात, प्रणालीच्या नाही, आणि त्या मार्क स्वरूपात युनिकोडसह बाहेर काढता येत नसतील तर करार करू नका.

नावांच्या सामाईक यादीसाठी मात्र विक्रेता नको, माणसे हवीत. सुरुवात कुठून करायची हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. दाते यांच्या दोन खंडांत १८०० ते १९५० पर्यंतचे लेखक आधीच नागरीत, एका जागी आहेत. दहा-बारा ग्रंथालयांनी अक्षरे वाटून घेऊन एकेक लेखकाची सगळी रूपे एका नोंदीत बांधायला घेतली तर पहिल्या दीडशे वर्षांचे काम एका पिढीत संपण्यासारखे आहे. ‘अ’ कोण घेणार, हे आज चहाच्या वेळी ठरले तर मला आनंद होईल.